धानाच्या बांधीतला रणगाडा: पहिला छोटा देखावा कसा उभारावा

रोवणीच्या दिवसांत चिखलणी करून परतलेला ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला, की बहुतेक घरी त्याच्यावर लगेच पाणी मारले जाते. रणगाड्याची लहान प्रतिकृती बनवू इच्छिणाऱ्याने मात्र पाण्याची बादली अर्धा तास बाजूला ठेवावी आणि त्या ट्रॅक्टरकडे जवळून पाहावे. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखलाचा जाड थर बसलेला असतो. त्याच्या कडा आधी सुकून फिकट होतात आणि मधला भाग संध्याकाळपर्यंत गडद, ओलसर राहतो. चालक ज्या पायरीवरून चढतो तिथला रंग घासून लोखंड उघडे पडलेले असते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली एक तेलकट ओघळ उतरलेला असतो आणि त्यावर धूळ चिकटून तो आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा काळा दिसतो. बॉनेटच्या सपाट भागावर धूळ ठरते, उभ्या बाजूंवर ठरत नाही. केजव्हीलची, म्हणजे चिखलणीसाठी लावलेल्या लोखंडी चाकाची, जी कड जमिनीला घासते ती लख्ख असते आणि जी घासत नाही ती गंजलेली असते.

प्रतिकृतीवर वापराच्या खुणा उमटवण्याच्या ज्या कामाला जाणकार वेदरिंग म्हणतात, त्याचा सगळा अभ्यास या एका ट्रॅक्टरवर होतो. नवख्या माणसाची चूक बहुधा हीच होते, की रणगाडा रंगवून झाल्यावर शेवटी तो सगळीकडे सारखाच मळवला जातो आणि मग तो रणभूमीवरून आलेला न वाटता नालीत पडलेल्या खेळण्यासारखा दिसतो. प्रत्येक डागाला कारण असावे, आणि ते कारण तुम्हाला सांगता यावे, हा नियम पुढच्या सर्व पायऱ्यांत पाळायचा आहे.

रणगाडा आणि प्रसंग निवडणे

प्रतिकृतींची दोन मापे सर्वाधिक प्रचलित आहेत. (१:७२ म्हणजे खऱ्या वस्तूच्या बहात्तराव्या भागाएवढी प्रतिकृती.) १:३५ हे माप मोठे असते, त्यात बारकावे भरपूर असतात आणि किंमतही तशीच असते. १:७२ या मापातला रणगाडा तळहातावर मावतो, थोड्या रंगात होतो आणि त्याचा देखावा घरातल्या कोनाड्यात ठेवता येतो. पहिल्या कामासाठी मी १:७२ सुचवेन. तालुक्याच्या गावी असे सुट्या भागांचे संच सहसा मिळत नाहीत, ते ऑनलाइन मागवावे लागतात. मागवताना खोक्यावरचे माप वाचावे आणि आतल्या भागांचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

उदाहरणासाठी मी पीटी-७६ हा सोव्हिएत बनावटीचा हलका रणगाडा घेतला आहे. तो पाण्यात तरंगू शकतो, म्हणून त्याचा सांगाडा होडीसारखा रुंद आणि सपाट बाजूंचा आहे, आणि सपाट बाजू नवख्या हाताला सोप्या जातात. आपले जवान त्याला ‘पिप्पा’ म्हणत, म्हणजे तुपाचा डबा. त्याचे वजन सुमारे १४ टन, तोफ ७६ मिलिमीटरची, चालक दल तिघांचे आणि प्रत्येक बाजूला सहा चाके. सांगाड्याची लांबी सुमारे ६.९ मीटर असल्याने १:७२ मध्ये तो ९६ मिलिमीटरचा होतो, आणि त्याच्याशेजारी उभा केलेला माणूस जेमतेम २४ मिलिमीटरचा.

प्रसंग १९७१च्या युद्धाचा घ्यावा. युद्ध औपचारिकपणे ३ डिसेंबरला सुरू होण्याआधीच, २१ नोव्हेंबर १९७१च्या धुक्याच्या पहाटे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील गरीबपूर येथे भारताच्या ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या पीटी-७६ रणगाड्यांनी आणि १४ पंजाब या पायदळाच्या तुकडीने पाकिस्तानी शॅफी रणगाड्यांचा हल्ला मोडून काढला. रणगाड्यांच्या तुकडीचे, म्हणजे स्क्वाड्रनचे, नेतृत्व करणारे मेजर दलजितसिंग नारग तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. हा प्रसंग सुचवण्याचे दुसरे कारण आपल्या भागाशी जोडलेले आहे. बंगालमध्ये नोव्हेंबर हा धान कापणीचा काळ असतो. बांध्या (धानाची शेते), धुरे (त्यांचे बांध), अर्धवट कापलेले धान, खाली दमट जमीन, हे सारे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली किंवा लाखांदूरकडच्या वाचकाला दारातून बाहेर पडताच दिसते. ज्याची जमीन आपण रोज पाहतो तो देखावा खोटा होण्याची शक्यता कमी असते.

रणगाड्यावर क्रमांक आणि तुकडीच्या खुणा घालायच्या असतील, तर त्या काळच्या छायाचित्रात स्पष्ट दिसणाऱ्याच घालाव्यात. ज्या खुणेची खात्री नाही ती सोडून द्यावी, कारण रिकामी बाजू चुकीची ठरत नाही, पण खोटा क्रमांक कायम खोटाच राहतो.

जोडणी

संचातले भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात तिला स्प्रू म्हणतात. भाग हाताने पिळून तोडू नये. निप्परने थोडे अंतर राखून कापावा, उरलेला टोकाचा उंचवटा धारदार पात्याने छाटावा आणि मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा. साचा काढताना भागांवर तेलकट थर राहतो, म्हणून स्प्रू आधीच कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. उन्हात ठेवू नयेत. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली किंवा खिडकीच्या तापलेल्या कठड्यावर ठेवलेला पातळ भाग वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

जोडण्यासाठी प्लॅस्टिक मॉडेलचे पातळ सिमेंट घ्यावे. ते डिंकासारखे चिकटवत नाही, तर दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करते, त्यामुळे ब्रशच्या टोकाने फटीला स्पर्श करणेच पुरेसे असते. उरलेले काम फट स्वतः ओढून घेते. खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ दिवा, अगरबत्ती किंवा चूल नसावी. येथे एक इशारा अनुभवातून देतो. सांडलेला डाग पुसण्यासाठी मी एकदा रंगकामाचे एनसी थिनर वापरले आणि टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाच्या) झाकणावरची बिजागरी बोटाखाली मेणासारखी पसरली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ते थिनर या प्लॅस्टिकला विरघळवते. त्याला या कामात जागा नाही.

चाके आणि पट्टे (चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी साखळ्या) सुटे ठेवून रंगवणे सोयीचे असते. पीटी-७६च्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या रणगाड्याला वरच्या बाजूचे आधार-रोलर नाहीत, म्हणून पट्ट्याचा वरचा भाग चाकांच्या डोक्यावर टेकतो आणि मध्ये हलका झोळ घेतो. पट्टा तबल्याच्या वादीसारखा ताठ बसवला, तर जाणत्याच्या नजरेतून ती चूक सुटत नाही. प्रत्येक चाकाच्या माथ्यावर डिंकाचा ठिपका देऊन पट्टा टूथपिकने खाली दाबून ठेवला की झोळ हवा तसा येतो.

रंग

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी रंगवलेल्या मुलामुलींचा हात ब्रशला सरावलेला असतो, पण ती सवय येथे थोडी मोडावी लागते. नंदीला चकचकीत इनॅमलचा एक जाड हात शोभतो. रणगाड्याला मात्र जाड हात दिला तर रिव्हेट आणि बिजागऱ्या बुजून जातात. आधी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, द्यावा. मोटारगाड्यांचा स्प्रे प्रायमर वापरायचा असेल तर तो आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून पाहावा, कारण काही प्रायमरमधले द्रावण प्लॅस्टिक मऊ करते. चालत असेल तरी फूटभर अंतरावरून हलके फवारे द्यावेत.

त्यावर गडद ऑलिव्ह हिरवा अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून तीन हातांत द्यावा आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा. डबीतला मूळ रंग लहान प्रतिकृतीवर वाजवीपेक्षा गडद दिसतो, कारण खरा रणगाडा आपण दुरून, मधल्या हवेतून पाहतो. म्हणून त्यात थोडा पिवळट करडा मिसळून एक छटा उतरवावी. वरून दिसणाऱ्या सपाट भागांना आणखी एक छटा फिकट ठेवली तर आकार उठून दिसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून काम सकाळी नऊच्या आत उरकावे. पावसाळ्यातली अडचण उलटी आहे: दमट हवेत फवारलेले मॅट व्हार्निश पांढुरके पडते, त्यामुळे पाऊस धरलेला असेल त्या दिवशी व्हार्निशला हात लावू नये.

वापराच्या खुणा

मूळ रंग वाळला की त्यावर चकचकीत पारदर्शक व्हार्निशचा एक हात द्यावा. हा थर पुढच्या द्रवाला वाहायला गुळगुळीत वाट देतो आणि खालच्या रंगाचे रक्षण करतो. दिवसभर सुकू दिल्यावर तेलरंगाचे काम सुरू करावे.

चित्रकलेच्या ट्यूबमधला गडद तपकिरी तेलरंग मटारएवढा घेऊन पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा तास ठेवावा. पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो आणि रंग लवकर, चमक न ठेवता सुकतो. मग तो टर्पेंटाइनमध्ये पातळ चहासारखा करावा. भरलेला ब्रश संपूर्ण रणगाड्यावर फिरवू नये. टोक फक्त रिव्हेटच्या मुळाशी, झाकणाच्या कडेला, दोन पत्र्यांच्या सांध्यात टेकवावे. द्रव आपोआप फटीने पुढे धावतो. वीस मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला स्वच्छ ब्रश घेऊन बाहेर सांडलेला रंग टिपावा, आणि उभ्या बाजूंवर ब्रश नेहमी वरून खाली ओढावा, म्हणजे राहिलेला पुसट रंग पावसाच्या ओघळासारखा दिसतो. टर्पेंटाइनचे डबके सांध्यात साचू देऊ नये. उघडे प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकते. एक-दोन दिवस सुकल्यानंतर मॅट व्हार्निश द्यावे.

यानंतर रंग उडाल्याच्या खुणा करायच्या, आणि इथे हात आवरणे फार गरजेचे आहे. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या रणगाड्यावर सात सेंटीमीटरचा होतो. असे पन्नास ओरखडे म्हणजे भंगारात काढलेले वाहन. भांडी घासण्याच्या स्पंजचा फाडलेला तुकडा चिमट्यात धरून गडद तपकिरी रंगात टेकवावा, जवळजवळ सगळा रंग कागदावर झटकावा आणि उरलेल्या रंगाने फक्त त्या जागा ठिपकाव्यात जिथे माणसांचे पाय आणि हात लागतात: झाकणांच्या कडा, चढण्याच्या जागा, अवजारे बांधलेल्या पट्ट्यांभोवती. चंदेरी रंग टाळावा, आणि चिलखती पत्र्यावर भगवा गंज तर दाखवूच नये. गंज पातळ पत्र्याला लवकर धरतो, म्हणून त्याची जागा धुराड्यावर आहे.

धूळ आणि गंजासाठी परदेशी पूड मागवण्याची गरज नाही. तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू, मुलतानी माती, चुलीतली राख आणि कुटलेला लाकडी कोळसा हे चार पदार्थ मलमलीच्या कापडातून वस्त्रगाळ केले की पहिल्या काय, दहाव्या देखाव्यालाही पुरतात. गेरूत चिमूटभर कोळसा मिसळला की जुना गंज होतो. मुलतानी मातीत राख मिसळली की गंगेच्या खोऱ्यातली करडी धूळ. कोरडी पूड मऊ ब्रशने सपाट जागी आणि कोपऱ्यांत बसवावी, त्यावर टर्पेंटाइनचा थेंब सोडावा आणि सुकू द्यावा. ओली असताना ती गडद दिसते आणि नवखा माणूस घाबरून आणखी पूड टाकतो. तासभर थांबल्यास तिचा खरा रंग समोर येतो.

चिखल तीन वेगवेगळ्या दिवशी चढवावा, कारण खरा चिखलही एकाच दिवशी चढलेला नसतो. पहिला थर सुकलेल्या फिकट चिखलाचा, चाकांच्या आतल्या भागापासून मडगार्डच्या खालपर्यंत. दुसरा त्याहून गडद, कमी जागेत. तिसरा अगदी ताजा, ओला, फक्त पट्ट्यांच्या खोबणीत आणि मागच्या दात्यांच्या चाकाजवळ. याला शेवटी चकचकीत व्हार्निशचा स्पर्श द्यावा. शिंतोडे उडवायचे असतील तर वरचा भाग कागदाने झाकावा, ब्रश मिश्रणात बुडवून टूथपिकवर ओढावा, आणि शिंतोड्यांची दिशा पट्ट्यापासून वर आणि मागे ठेवावी. पट्ट्याच्या ज्या उंच कडा जमिनीला घासतात त्यांवरून मऊ पेन्सिलीचे शिसे फिरवले की केजव्हीलसारखी लोखंडी चकाकी येते.

जमीन

देखाव्याच्या पाटासाठी सुताराकडून १६ बाय १३ सेंटीमीटरचा प्लायवूडचा तुकडा कापून घ्यावा. १:७२ मध्ये ती जागा साधारण साडेअकरा मीटर बाय सव्वानऊ मीटर होते, म्हणजे बांधीचा एक कोपरा आणि एक धुरा त्यात सुखाने बसतो. उंचीसाठी थर्माकोल फेव्हिकॉलने चिकटवावा. प्लॅस्टिकचे सिमेंट किंवा स्प्रे लागला तर तो वितळतो. दीड हात उंच धुरा येथे नऊ-दहा मिलिमीटरचाच होतो. रणगाडा पाटाच्या कडांना समांतर ठेवू नये, तिरका ठेवावा, आणि त्याचा पुढचा भाग धुऱ्यावर चढू पाहत असेल तर स्थिर प्रतिकृतीतही हालचाल जाणवते.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. भंडारा जिल्ह्यातला शेतकरी मातीला कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी अशी वेगवेगळी नावे देतो, आणि देखाव्यासाठीही तो भेद उपयोगी पडतो. काळी कन्हार पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. फेव्हिकॉलमध्ये मिसळली तरी तिचा हा स्वभाव जात नाही, आणि आठ दिवसांत पाटावर कवडीएवढी ढेकळे उचलून येतात. शिवाय बंगालची गाळाची जमीन काळी नाही. सिहार हलकी, पिवळसर आणि वाळूमिश्रित असते. तिच्यात थोडी राख मिसळली की रंगही जवळपास जुळतो आणि ती तडकतही नाही.

माती आधी लोखंडी तव्यावर वीस मिनिटे भाजावी. माझ्या पहिल्या देखाव्यात मी हे केले नाही. श्रावणात धुऱ्यावर पांढरी बुरशी धरली आणि रणगाड्याच्या तोफेशेजारी गवताचा खरा अंकुर उगवला. भाजलेली माती चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळावी, कारण अर्ध्या मिलिमीटरचा खडा या मापात साडेतीन सेंटीमीटरचा दगड होतो. चाळलेली माती, तितकेच प्लास्टर ऑफ पॅरिस, फेव्हिकॉल आणि पाणी यांचा श्रीखंडाइतका घट्ट गोळा करून दोन-तीन मिलिमीटरचे पातळ थर द्यावेत. फेव्हिकॉलने माती एक छटा गडद होते हे रंग ठरवताना धरून चालावे.

कापलेल्या धानाच्या बुडख्यांसाठी जुन्या दोरीचा काथ्या सर्वांत चांगला. त्याचे दोन-तीन मिलिमीटर उंचीचे झुबके करून सुईने पाडलेल्या भोकांत फेव्हिकॉलच्या थेंबात उभे करावेत. दोन झुबक्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर ठेवले तर पाच बाय सहा सेंटीमीटरच्या तुकड्याला साडेतीनशेच्या आसपास झुबके लागतात; दोन संध्याकाळी जातात, पण पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच थांबते. झुबके फूटपट्टीने आखून लावू नयेत, कारण हाताच्या अंदाजाने रोवलेले धान दोरीत नसते. धुऱ्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा गवत म्हणून विखरावा. गरीबपूरचे धुके दाखवण्यासाठी कापूस पसरू नये. धुक्याची खूण जमिनीच्या ओलसरपणात ठेवावी, म्हणजे सखल जागी माती एक छटा गडद आणि किंचित चमकती करावी.

रणगाडा जमिनीवर बसवणे

पुष्कळ देखणे काम या शेवटच्या पायरीवर फसते, कारण तयार रणगाडा सुकलेल्या जमिनीवर नुसता ठेवला जातो आणि मग चौदा टनांचे वाहन कागदी होडीसारखे वर तरंगत असल्यासारखे दिसते. पीटी-७६चा जमिनीवरचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे अर्धा किलो, म्हणजे रणगाड्यांच्या मानाने फारच कमी. तो खोल रुतत नाही, पण दमट बांधीत ठसा नक्की उमटवतो. खरा ठसा दहा सेंटीमीटरचा धरला तरी आपल्याला दीड मिलिमीटरचीच चाकोरी हवी.

म्हणून मातीचा शेवटचा थर ओला असतानाच पट्ट्याचा उरलेला तुकडा, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रणगाडाच, मागून पुढे दाबत नेऊन चाकोरी उमटवावी. चाकोरीच्या दोन्ही कडांना दबलेली माती थोडी वर आलेली असावी आणि वाटेत आलेली धानाची बुडखी आडवी झालेली असावीत. उभी बुडखी आणि त्यांच्यातून गेलेला रणगाडा या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. जमीन सुकल्यावर रणगाडा त्याच चाकोरीत फेव्हिकॉलने बसवावा, वर पुस्तकाचे वजन ठेवावे, आणि रात्रभर थांबून सकाळी पट्ट्याखाली डोळा लावून उजेडाकडे पाहावे. जिथून उजेड दिसेल तिथे ओल्या मातीचे मिश्रण टूथपिकने भरावे. जमिनीला वापरलेलीच माती रणगाड्याच्या ताज्या चिखलात असली पाहिजे. दोन वेगळे रंग दिसले तर रणगाडा दुसऱ्या गावाहून आणून ठेवल्यासारखा वाटतो.

एखादा जवान उभा करायचा असेल तर एकच करावा, आणि त्याच्या बुटांनाही तोच चिखल लावावा. पाटाच्या चारी कडांना सागवानाची पातळ पट्टी मारून घ्यावी आणि वर काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी ठेवावी, कारण घरातली खरी धूळ या मापात खड्यांसारखी दिसते. आषाढापासून दसऱ्यापर्यंत पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पंधरा दिवसांनी एकदा धुऱ्याचा कोपरा भिंगाखाली तपासावा.